झाडाबाहेरचं वायफाय

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी 'अकोले' म्हणतो आणि समोरचा हमखास म्हणतो, "अच्छा, विदर्भ!" मग मी सांगतो की ते अकोला. आमचं अकोले नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आता अहिल्यानगर. संगमनेरच्या पुढं, प्रवरेच्या काठावर. कळसूबाई, भंडारदरा, हरिश्चंद्रगड हे सगळं आमच्याच तालुक्यात. समोरचा मान डोलावतो आणि पुढच्या सुट्टीत पुन्हा विचारतो, "मग, अकोल्याला कधी निघालास?" आता इथं चूक काढायचीही सोय नाही, कारण विभक्ती लागली की दोन्ही गावं सारखीच होतात. अकोल्याला, अकोल्यात, अकोल्याहून. एका मात्रेचा फरक, तोही जाग्यावर राहत नाही. आमचं एक पार्सल एकदा त्या अकोल्याला जाऊन आलंय.

लिनक्सचा कर्नल मात्र नावाच्या बाबतीत पोस्टमनपेक्षा कडक आहे. नावातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की तो दारातूनच परत पाठवतो. हे मला इंजिनिअरिंगला कुणी शिकवलं नव्हतं. शिकलो ते अकोल्यात, एका अभ्यासिकेत, आणि त्याची किंमत एका वेगळ्याच मुलानं मोजली.

झालं असं, की मला नववी-दहावीला गणित शिकवणाऱ्या सरांनी निवृत्तीनंतर घराच्या वरच्या दोन खोल्यांत अभ्यासिका सुरू केली. राजूरकडची, कोतूळकडची मुलं तिथं येऊन बसतात. पोलीस भरती, तलाठी, बँका, जे निघेल ते. कुणी रोज एसटीनं ये-जा करतं, कुणी गावात खोली करून राहतं. मार्च २०२४ मध्ये मी तिथं चार जुने डेस्कटॉप नेऊन बसवले. त्यांच्यावर नवं विंडोज चाललं नसतं, म्हणून उबुंटू २२.०४ टाकलं. राउटर खाली सरांच्या हॉलमध्ये, कॉम्प्युटर वर. वायर ओढायचा कंटाळा केला आणि पुण्याहून यूएसबीला लावायचे चार स्वस्त वायफाय डोंगल घेऊन गेलो.

सरांनी रविवारी छोटा कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. 'आपल्या गावचा मुलगा' वगैरे झालं. आईनं तो फोटो अजून डीपीला ठेवलाय.

डोंगलमधल्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये नव्हता. इथं थोडं समजावून सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट यावरच आहे. कर्नल म्हणजे मशीन आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्या मधला कारभारी. कीबोर्ड, डिस्क, वायफाय, सगळ्यांशी बोलायचं काम त्याचं. प्रत्येक वस्तूशी बोलायची रीत वेगळी, आणि ती रीत ज्या तुकड्यात लिहिलेली असते तो ड्रायव्हर. लिनक्समध्ये हे तुकडे बहुतेक वेळा मॉड्यूल म्हणून येतात. लागेल तेव्हा चालू कर्नलला जोडायचे, नको तेव्हा काढायचे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सनं कर्नलची पहिली आवृत्ती लोकांपुढं ठेवली. आज त्यात हजारो ड्रायव्हर आहेत, आणि त्या सगळ्याच्या एकत्र सोर्सला 'ट्री' म्हणतात. झाड.

माझ्या डोंगलचा ड्रायव्हर या झाडात नव्हता. तो 'आउट ऑफ ट्री', झाडाबाहेरचा. कुणीतरी त्याचा सोर्स इंटरनेटवर ठेवला होता. तो उतरवून घेतला, 'मेक' म्हटलं, दोन मिनिटं स्क्रीनवर अक्षरं पळाली, मॉड्यूल तयार झालं. 'मॉडप्रोब' म्हटलं आणि डोंगलवरचा निळा दिवा लुकलुकायला लागला. मागं उभी असलेली पोरं "ओऽऽ" म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला भारी वाटलं.

अपडेट आपोआप होत राहतील अशी व्यवस्थाही केली आणि पुण्याला परतलो.

एप्रिलमध्ये सरांचा फोन. "अरे, चारही कॉम्प्युटरचं नेट गेलंय. लाइट जाऊन आली तेव्हापासून." सरांना वाटलं लाइटचा दोष. खरं तर कर्नलचं नवं अपडेट आधीच उतरलेलं होतं. लाइट गेल्यावर मशीन नव्यानं चालू झाल्या त्या नव्या कर्नलवर. योगायोगानं मी गावीच निघालो होतो. जाऊन बसलो.

प्रत्येक कर्नलसाठी लिनक्स मॉड्यूलांचा वेगळा फोल्डर ठेवतं, आवृत्तीच्या पूर्ण नावाचा. माझं मॉड्यूल जुन्या नावाच्या फोल्डरमध्ये बसून होतं. नव्या कर्नलनं त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहिलं, तिथं काही नव्हतं, त्याच्यासाठी विषय संपला. मी घाईत शहाणपणा केला आणि जुनी फाइल उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकली. उत्तर आलं, 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट'. प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात एक ओळ असते, 'व्हर्मॅजिक' नावाची. ते कोणत्या कर्नलसाठी, कोणत्या पर्यायांसह बांधलं हे तिच्यात लिहिलेलं असतं. चालू कर्नलची ओळ आणि ही ओळ जुळली नाही की प्रवेश नाही. अकोला की अकोले, कर्नल नीट वाचून बघतो.

त्याचा हा कडकपणा बरोबरच आहे. मॉड्यूल कर्नलच्या आत शिरून चालतं. आतल्या एखाद्या रचनेत नवा रकाना आला असेल आणि मॉड्यूलला ते माहीत नसेल, तर ते भलत्याच जागी लिहील आणि सगळी मशीन आडवी होईल. म्हणून नव्या कर्नलचे 'हेडर्स', म्हणजे त्याच्या आतल्या रचनेचा नकाशा, समोर ठेवून मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं. सोर्स तोच, बांधणी नवी. चारही मशीनवर ते केलं. अर्ध्या तासाचं काम.

दर अपडेटला अर्धा तास अकोल्यात येऊन कोण बसणार? याच दुखण्यावर २००३ साली डेल कंपनीतल्या इंजिनिअरांनी 'डीकेएमएस' नावाची सोय काढली. ड्रायव्हरचा सोर्स एकदा तिच्याकडे नोंदवून ठेवायचा. नवा कर्नल आला की ती स्वतःच मॉड्यूल पुन्हा बांधते आणि नव्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. मे महिन्यात गेलो तेव्हा चारही मशीनवर ती बसवली. त्यानंतर मे गेला, जून गेला, जुलै गेला. मधे कर्नलची छोटी अपडेट आली, वायफाय चालू राहिलं. मी अभ्यासिकेचा विषय डोक्यातून काढून टाकला.

ऑगस्टमध्ये उबुंटू २२.०४ च्या डेस्कटॉपांना ६.५ च्या जागी ६.८ कर्नल मिळाला.

त्या दिवशी सकाळी सरांचा एक मिस्ड कॉल होता. दुपारी आणखी एक. मी मीटिंगमध्ये होतो, मग दुसऱ्या मीटिंगमध्ये, मग 'संध्याकाळी करू' म्हटलं. रात्री पावणेनऊला अनोळखी नंबरवरून फोन आला. अभ्यासिकेतली एक मुलगी होती. "दादा, सर म्हणाले तुम्ही कामात असाल, पण मीच लावला. नेट सकाळपासून नाही. आज एका भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे."

अर्ज मोबाइलवरून भरता येत होता म्हणे, पण फोटो आणि सही ठराविक आकारात बसवता बसवता साइट दर वेळी बाहेर फेकत होती. बाहेर पाऊस, बाजारातली ऑनलाइन फॉर्मची दुकानं बंद. मी तिला मशीन रीस्टार्ट करायला सांगितली. सुरू होताना शिफ्ट दाबून धर.

"दादा, काळ्या स्क्रीनवर यादी आलीय."

"ॲडव्हान्स्ड ऑप्शन्सवर जा. आता कोणते आकडे दिसतात?"

तिनं वाचून दाखवले. ६.८, आणि खाली ६.५. उबुंटू आधीचा कर्नल लगेच पुसत नाही, याबद्दल मी त्या क्षणी त्यांचे किती आभार मानले असतील. ६.५ निवडायला सांगितलं. मिनिटभर फोनवर फक्त पावसाचा आवाज. मग ती म्हणाली, "निळी लाइट लागली."

त्या रात्री अभ्यासिकेत तीन अर्ज भरले गेले. चौथा राहिला. एक मुलगा सकाळपासून वाट पाहून सहाच्या गाडीनं गावी निघून गेला होता. त्याचं गाव डोंगराच्या पल्याड, पावसात तिथं रेंज टिकत नाही. मुलीनं त्याला खूपदा फोन लावला. लागला नाही.

शनिवारी पहाटे निघालो. नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेरला गाडी बदलून अकोले. वाटेत सरांना काय सांगायचं याची तयारी करत होतो. कर्नलचं अपडेट मोठं होतं, माझ्या हातात नव्हतं, तांत्रिक गोष्ट आहे, वगैरे. सरांनी काही विचारलंच नाही. "चहा घे" म्हणाले. तो मुलगाही आलेला होता. मी बोलायला लागलो तर म्हणाला, "असू द्या दादा, पुढच्या वेळी भरू." आणि पुस्तकात डोकं घातलं. त्याच्या वयाच्या अटीत अजून किती वर्षं शिल्लक आहेत हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मुलगी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. "काय बिघडलं ते दाखवा." मी एक मशीन ६.८ वर चालू केली. नेटसाठी माझा फोन केबलनं जोडला. फोनवरून नेट घ्यायचा ड्रायव्हर झाडातलाच असल्यामुळं ते लगेच चाललं. मग डीकेएमएसची नोंदवही उघडली, म्हणजे मॉड्यूल बांधताना पडणारी लॉग फाइल. शेवटाकडं लाल अक्षरांत चूक होती. 'एसटीआरएलसीपीवाय' नावाचं फंक्शन सापडत नाही.

हे फंक्शन अक्षरांची माळ एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवायचं. त्यात एक खोड होती. किती अक्षरं घ्यायची हे सांगितलं तरी मूळ माळ शेवटपर्यंत वाचून काढायचं. माळेला नीट शेवटच नसेल तर वाचत भलतीकडं जायचं. म्हणून २०१५ साली, ४.३ कर्नलमध्ये, 'एसटीआरएससीपीवाय' हे जास्त सुरक्षित फंक्शन आलं. पुढची काही वर्षं कर्नलवाले जुन्याचा एकेक वापर नव्यानं बदलत गेले, आणि ६.८ मध्ये जुनं फंक्शन काढूनच टाकलं.

"म्हणजे होतं आणि काढलं?" तिनं विचारलं. "मग सांगायचं ना आधी."

"सांगितलं होतं. आठ वर्षं सांगत होते."

"कुणाला?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. कर्नलमध्ये एक रीत आहे. आतली एखादी गोष्ट जो बदलतो त्यानं झाडातले तिचे सगळे वापर स्वतःच दुरुस्त करायचे. तुमचा ड्रायव्हर झाडात असेल तर तुम्हाला पत्ताही लागत नाही, परदेशातला कुणी अनोळखी माणूस तुमच्या चार ओळी नीट करून जातो. आपण वापरतो त्या प्रोग्रॅमांना कर्नल शब्द देतो की नवा आलो तरी तुमचं चालू असलेलं मोडणार नाही. पण पोटातल्या मॉड्यूलांना तसा शब्द तो मुद्दामच देत नाही. कर्नलची स्थिर आवृत्ती सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यावर एक टिपण लिहिलंय, ते कर्नलबरोबरच मिळतं. मुद्दा सरळ आहे. आतली रचना बदलायची मोकळीक नसेल तर जुन्या चुका कायमच्या घरात राहतील. तेव्हा ड्रायव्हर झाडात आणा. बाहेर ठेवायचा असेल तर मागं धावायची तयारी ठेवा.

कर्नलनं आमच्या डोंगलवर काही राग धरला नव्हता. आमचा ड्रायव्हर जगात आहे हेच बदल करणाऱ्यांना माहीत नव्हतं. आणि डीकेएमएस बांधायचं काम करतं, बदल समजून घ्यायचं नाही. सोर्स जुना आणि नकाशा नवा असेल तर ते प्रामाणिकपणे चूक लिहून ठेवतं आणि थांबतं. ती चूक वाचायला तिथं माणूस लागतो. माणूस पुण्यात मीटिंगमध्ये होता.

सोर्समध्ये ते फंक्शन तीन ठिकाणी सापडलं. नुसतं नाव बदलून चालत नाही. माळ मावली नाही तर जुनं फंक्शन मूळ लांबी परत द्यायचं, नवं ऋण आकडा देतं. तो परत आलेला आकडा पुढं कुठं वापरलाय का, हे तिन्ही जागी बघितलं. कुठंच वापरला नव्हता. तिन्ही ओळी तिनं बदलल्या, मी फक्त बोट दाखवलं. डीकेएमएसला पुन्हा बांधायला लावलं. अक्षरं पळाली, चूक नाही. निळा दिवा लागला. या वेळी कुणी "ओऽऽ" केलं नाही, आणि तेच बरं झालं.

दुपारी सरांकडं जेवायला बसलो. कालवण वालाचं होतं. सरांच्या घरात वालाचं बी मडक्यात राखेत घालून ठेवलेलं असतं, माझी आजीही तसंच ठेवायची. विषय निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, "राखेत ठेवलं म्हणजे झालं असं नाही रे. कीड लागत नाही एवढंच. फार वर्षं पेरलंच नाही तर बी उगवायचं विसरतं." आमच्याच तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० सालच्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचं नाव आलं. शाळेची मुलं, पाहुणे ती बघायला जातात आणि डबे-मडक्यांचे फोटो काढतात. मीही काढलेत. पण बी जपायचं खरं काम मडक्यात नसतं. ते दर काही हंगामांनी शेतात होतं, त्या वर्षीच्या पावसात, त्या वर्षीच्या मातीत, आणि ते करणारं माणूस तिथं राहणारं असावं लागतं.

मी अभ्यासिकेला मडकं देऊन शाल घेऊन आलो होतो.

संध्याकाळी बाजारातून नेटवर्कची केबल आणली. राउटरपासून जिन्यावरून वर ओढली, एक स्वस्त स्विच बसवला आणि तीन मशीन वायरनं जोडल्या. त्यांच्या वायरच्या कार्डाचा ड्रायव्हर कितीतरी वर्षं झाडात आहे, त्याची काळजी घेणारे दुसरे आहेत. हे मार्चमध्येच करायला हवं होतं. इतक्या लांबून सांभाळायची वस्तू शक्य तितकी साधी असावी, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. जिथं भारी वाटायची संधी होती तिथं मी वायर टाळली.

चौथ्या मशीनला मात्र डोंगल तसाच ठेवला, कारण मुलीनं "हा राहू द्या" म्हणून सांगितलं. रविवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून एका वहीत सगळं मराठीत लिहून काढलं. नेट गेलं तर आधी कर्नलचे आकडे कसे बघायचे. मागच्या कर्नलवर कसं जायचं. फोन केबलनं जोडून तात्पुरतं नेट कसं घ्यायचं. डीकेएमएसची स्थिती कशी विचारायची, लॉग कुठं असतो, त्यात कोणती ओळ शोधायची. एका पानावर फक्त अर्ज शेवटच्या दिवसावर न ठेवण्याबद्दल, ते सरांनी सांगून लिहून घेतलं. वही टेबलाला दोरीनं बांधून ठेवलीय, जसा बँकेत पेन असतो.

त्या मुलाला जाताना पुन्हा भेटलो. मी त्याला माझा नंबर दिला. त्यानं तो सेव्ह केला आणि म्हणाला, "पण दादा, तुम्ही उचलत नाही ना दिवसा." बोलण्यात टोमणा नव्हता, चौकशी होती. काय उत्तर देणार? "आता उचलेन" म्हटलं.

ऑक्टोबरमध्ये एकदा मीटिंग चालू असताना अभ्यासिकेतून फोन आला. मी उठून बाहेर गेलो. ती मुलगी होती. "काही नाही दादा, नवं अपडेट आलं होतं. ६.८ च आहे, पुढचे आकडे बदललेत. मी रीस्टार्टच्या आधीच स्टेटस बघितलं. इन्स्टॉल्ड दाखवतंय." मी म्हटलं, छान, मग फोन कशाला केलास? ती म्हणाली, "तुम्ही उचलता का ते बघायचं होतं. तो बोलत होता, लावून बघ म्हणून." मागं कुणीतरी हसलं. त्याचाच आवाज असावा.

उबुंटू २२.०४ ची मुदत २०२७ मध्ये संपते. तेव्हा पुढच्या आवृत्तीवर जावं लागेल, कर्नल आणखी पुढचे येतील, आणि आमच्या ड्रायव्हरमधलं आणखी काहीतरी तुटेल. तोवर ती बहुतेक कुठं तरी नोकरीला लागलेली असेल. म्हणून हल्ली ती अकरावीच्या एका पोराला शेजारी बसवून वहीतलं वाचायला लावते, असं सर सांगत होते.